भाऊजींची खुर्ची आणि बाबांचे केस

आमच्या भाऊजींना सरळ रेषेचं फार वेड. दोन्ही कल्ले सारखे उतरलेत की नाही हे बघायला ते गिऱ्हाइकाच्या नाकासमोर वाकतात, एक डोळा मिटतात आणि स्वतःचं समाधान होईपर्यंत त्या बिचाऱ्याला श्वाससुद्धा धड घेऊ देत नाहीत. घरात भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं, तर हातातला घास ताटात ठेवून उठतात. अशा माणसाच्या नशिबी नेमकी वाकडी चालणारी गाडी यावी, याचं मला मनापासून हसू यायचं. मी त्यांची मेव्हणी आहे, हसणं हा माझा हक्कच आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं केस कापायचं दुकान होतं, आणि दुकानात एकच खुर्ची होती. पण खुर्ची म्हणजे काय खुर्ची. ओतीव लोखंडाचा पाया, लाल रेक्झिनची गादी, मान टेकायला वेगळी उशी, आणि पायाने दट्ट्या मारला की बसलेला माणूस हळूहळू वर. दुकानाची इमारत पाडायची ठरली तेव्हा भाऊजींनी आरसा, कात्र्या, टॉवेल सगळं निमूटपणे आवरलं. खुर्चीपाशी आल्यावर मात्र त्यांचा पाय निघेना. नव्या बाजारातल्या चकचकीत सलूनमध्ये त्यांना नोकरी मिळत होती, पण तिथे काळा टी-शर्ट घालायला लागणार होता आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या. "त्यात माणूस बसत नाही, नुसता टेकतो," असं म्हणून त्यांनी नोकरी धुडकावली आणि खुर्ची मोटरसायकलच्या मागे बांधायचं ठरवलं.

म्हणजे अगदी दोरीने नव्हे. त्यांनी एका वेल्डरकडून दोन चाकांची छोटी ट्रॉली करून घेतली. पुढे आरसा, त्याच्याखाली कात्र्यांची फळी, आरशापासून नीट अंतर राहावं म्हणून खुर्ची चाकांच्या जरा मागे, आणि सगळ्यात पुढे, मोटरसायकलच्या अगदी पाठीशी, पाण्याचा निळा ड्रम. गाडी उभी केली की मागे लोखंडी टेकू लावायचा, मग गिऱ्हाइकाला बसवायचं. चालत्या गाडीत खुर्चीवर कोणी बसायचं नाही, हा ताईचा नियम. तो वेल्डर फार कमी बोलणारा माणूस. गाडी ताब्यात देताना त्याने एवढंच सांगितलं, "पिन, साखळी, हवा, ड्रम. रोज बघायचं. ड्रम पुढंच ठेवायचा, मागं न्यायचा नाही." का, ते भाऊजींनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या दारात एक छोटा कार्यक्रम व्हायचा. भाऊजी जोडाची पिन ओढून बघायचे, "पिन." साखळीला हिसका द्यायचे, "साखळी." चाकांवर अंगठा दाबायचे, "हवा." मग ड्रमवर थाप मारायचे, "ड्रम." ताई चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी असायची आणि प्रत्येक शब्दाला मान डोलवायची. हे झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. वळण लांबून घ्यायचं, ब्रेक आधीपासून हळूहळू दाबायचा, उतारावर घाई करायची नाही, हे सगळं भाऊजी स्वतःच्या अनुभवाने शिकले. मागे घेणं मात्र त्यांना कधीच जमलं नाही. एकदा बंद गल्लीत शिरले आणि वळता येईना, तर गाडी सोडवायला चार माणसं जमेपर्यंत त्यांनी तिथल्या तिथे दोन दाढ्या करून टाकल्या.

धंदा बरा चालला होता. म्हातारी माणसं, पाय दुखणारी माणसं, आळशी माणसं, सगळ्यांना दारात खुर्ची आली की आनंद व्हायचा. अडचण एकच होती. सकाळी घरून निघताना गाडी सुतासारखी सरळ चालायची आणि दुपारी परतताना शेपूट हलवायला लागायची. जरा वेग घेतला की मागची ट्रॉली डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मोटरसायकलचं सीट खालून कोणीतरी उचलतंय असं वाटायचं. एकदा तर भाऊजी खुर्चीसकट वाळूच्या ढिगात गेले. कोपर सोलवटलं, आरसा थोडक्यात वाचला. ताईने मलमपट्टी केली आणि ती करता करताच फर्मान काढलं.

"बाबांना गाडी दाखवायची. ते पास म्हणाले तर चालवा. नापास म्हणाले तर खुर्ची भंगारात आणि तुम्ही काळ्या टी-शर्टात."

"अगं, साहेब मला कधी पास करणार आहेत का?" भाऊजी म्हणाले.

या साहेबांचा खुलासा करायला हवा. आमचे बाबा लायसन्सच्या कचेरीत होते. मैदानात उभं राहून लोकांची गाडी चालवायची परीक्षा घ्यायची आणि शक्यतो नापास करायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. भाऊजी तरुणपणी त्यांच्यासमोर आठाचा आकडा काढायला आले होते. पहिलं वाटोळं छान काढलं, दुसरं निम्मं झालं, आणि दोन्ही सारखी होतायत ना हे बघायला ते मागे वळले. पाय टेकला. नापास. पुढच्या खेपेलाही तेच. बाबांचा डबा घेऊन ताई रोज मैदानावर यायची. या माणसाला इतक्यांदा नापास होताना बघून तिला त्याची दया आली, मग सवय झाली आणि मग दोघांचं लग्न झालं. बाबांनी लग्नाला होकार दिला, पण लायसन्स दिलं नाही. ते भाऊजींनी बाबा रजेवर असताना दुसऱ्या अधिकाऱ्याकडून मिळवलं. त्यामुळे बाबांच्या लेखी जावई अजून नापासच आहे, आणि जावई अजून सासऱ्याला 'साहेब' म्हणतो.

बरं, भाऊजी स्वस्थ बसले होते असं नाही. गाडी दुपारीच का बिघडते याचा त्यांनी कसून शोध चालवला होता. आधी त्यांनी वाऱ्यावर आळ घेतला, मग टायरवर, मग माझ्यावर, कारण एकदा निघताना मी हसले होते. शेवटी एके दिवशी ते अगदी खुशीत आमच्याकडे फोन करून म्हणाले, "मेव्हणीबाई, सापडलं. टक्कल."

"काय टक्कल?"

"ज्या दिवशी टकली गिऱ्हाइकं जास्त, त्या दिवशी गाडी सरळ. भरघोस केसांची आली की गाडी बोंबलली. मी नीट लक्ष ठेवलंय. परवा सगळे टकले होते, गाडी अशी आली की हातात कप धरला असता तर चहा सांडला नसता."

मी त्यांना वेड्यात काढलं. पण हा माणूस ऐकणार कुठला. त्या दिवसापासून ते टकल्या माणसांच्या मागे लागले. कानामागे चार केस असलेल्या गृहस्थांना रस्त्यात अडवून "बसा ना, जरा नीट करून देतो" म्हणायचे. परतायच्या आधी शेवटचं डोकं टकलं असावं म्हणून ते एका पेन्शनर गृहस्थांच्या दारात थांबायचे आणि त्यांच्या नसलेल्या केसांतून नुसती कात्री फिरवायचे. ते गृहस्थ खूश होते. त्यांना वाटायचं, निदान कोणीतरी आपले केस आहेत असं मानतंय.

इकडे आमच्या घरी वेगळंच प्रकरण चालू होतं. बाबांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. फाटकासमोर कोणीतरी स्कूटर तिरकी लावली म्हणून तावातावाने बाहेर गेले आणि पायरीवरून घसरले. वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरत होते, पण बोलायचं त्यांनी जवळजवळ टाकलंच होतं. दिवसभर व्हरांड्यात बसून समोरचा उतार बघायचे. सगळ्यात वाईट म्हणजे केस वाढले होते. बाबांचे केस हा आमच्या घरातला मानाचा विषय. पांढरेशुभ्र, दाट, लाटा असलेले. त्यांच्याबरोबरचे सगळे अधिकारी टक्कल घेऊन निवृत्त झाले, बाबा एकटे केसांसकट झाले, आणि खिशात कंगवा अजूनही असतो. घरी माणूस बोलावते म्हटलं तर म्हणायचे, "जावई आहे ना त्या धंद्यात? की तोही विसरला?" मला तेव्हा त्यांची काळजी वाटायची. ताई आली की मगच त्यांचं जेवण नीट जायचं, आणि ताईला येणं जमत नव्हतं.

शेवटी एका रविवारी सकाळी भाऊजी आणि ताई परीक्षेसाठी गाडी घेऊन आले. आमचं घर चढावर शेवटचं आहे, त्यामुळे व्हरांड्यातून सगळा रस्ता दिसतो. मोटरसायकल, मागे ताई, तिच्या मागे ड्रम, आरसा आणि लाल खुर्ची, अशी वरात एका सरळ रेषेत वर आली. बाबा बघत होते. त्यांनी कंगवा काढून केसांवरून फिरवला. मी एवढं ओळखून आहे की हे समाधानाचं लक्षण आहे.

"चढाला काय, कोणीही येईल," ते म्हणाले. "उतरताना बघू. आधी केस काप."

बाबांना खुर्चीत बसवलं, टेकू लावला, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवला. भाऊजींनी ड्रममधून पाणी काढून आधी केस धुतले. बाबा म्हणाले, नीट निघाला नाही साबण, पुन्हा धू. पुन्हा धुतले. मग कात्री चालली. कितीतरी दिवसांनी बाबांचे डोळे मिटले आणि चेहरा सैल पडला. ते मैदानावरच्या गोष्टी सांगायला लागले, आणि ताई पायरीवर बसून ऐकत होती. मी आत जाऊन उगाचच पाणी प्यायले.

बाहेर आले तर भाऊजींचा चेहरा पडलेला. ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "मेव्हणीबाई, इथे जवळपास कोणी टकलं मिळेल का?"

"आत्ता?"

"अहो, साहेबांचे केस बघा. इतकं दाट डोकं मी आयुष्यात धुतलं नाही. आता उतारावर माझं काही खरं नाही."

बाबांचे कान मात्र तीक्ष्ण. "काय चाललंय?" त्यांनी दरडावलं. भाऊजी साहेबांसमोर खोटं बोलू शकत नाहीत, मैदानावरची सवय. त्यांनी चाचरत टकलाचा सगळा शोध सांगितला. मला वाटलं, आता बाबा असे काही बरसतील की परीक्षेची गरजच उरणार नाही. ताईने डोक्याला हात लावला.

बाबांनी आरशात आपल्या केसांकडे बघितलं. मग म्हणाले, "जावईबापू, ही खुर्ची भंगारात गेली तर तुम्ही त्या बाजारात दिवसभर उभे. रविवारी सुट्टी असते का तिथे?"

"रविवारीच जास्त गर्दी असते, साहेब."

"म्हणजे ही पण येणार नाही." त्यांनी ताईकडे न बघता ताईबद्दल विचारलं. बाबांनी खिशातला कंगवा काढला, माझ्या हातात दिला आणि भाऊजींना म्हणाले, "साफ कर."

"काय साफ करू?"

"डोकं. चमनगोटा. वस्तरा घे."

आम्ही दोघी एकदमच नको म्हणालो. भाऊजींच्या हातातली कात्री खाली पडली. पण बाबांनी एकदा निकाल दिला की दिला. भाऊजींनी पाणी घेतलं, डोकं भिजवलं, फेस केला, पुन्हा भिजवलं. त्या दाट केसांना पाणी पुरेना. वस्तरा दर वेळी धुवायला पाणी, शेवटी डोकं धुवायला पाणी, मग बाबांच्या मानेला खाज सुटली म्हणून आणखी पाणी. ड्रमची तोटी शेवटी नुसती खरखरली. बाबांचं डोकं उन्हात चमकायला लागलं आणि त्यांचे कान इतके मोठे आहेत हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं.

भाऊजींना धीर आला होता. समोर एवढं नवंकोरं टक्कल, आता कसली भीती. त्यांनी टेकू काढला. "पिन. साखळी. हवा. ड्रम." ड्रम जागच्या जागी होता. ताई म्हणाली, मी आधी बघते, मग बसते. भाऊजी एकटेच निघाले, आणि निघताना बाबांच्या डोक्याकडे बघून त्यांनी हात जोडले.

उतार सुरू झाला तसं ट्रॉलीने शेपूट हलवलं. मग इतकं हलवलं की खुर्ची एकदा भाऊजींच्या डावीकडून डोकावली आणि एकदा उजवीकडून. त्यांनी शहाणपणाने ब्रेक करकचून दाबला नाही, नुसता वेग सोडला. पण तोवर ट्रॉलीने त्यांना कडेच्या मेंदीच्या कुंपणात नेऊन घातलं होतं.

"पाय टेक," बाबा ओरडले. ज्या माणसाने आयुष्यभर पाय टेकला म्हणून लोकांना नापास केलं, तो माणूस वॉकर आपटत, प्लॅस्टरचा पाय ओढत उतारावरून खाली धावत होता आणि "टेक पाय, टेक" म्हणून ओरडत होता. आम्ही दोघी त्यांच्या मागे. भाऊजी गवतात पडले होते, धडधाकट. पिन आणि साखळी दोन्ही शाबूत होत्या. खुर्ची मेंदीत ऐटीत उभी होती.

"लागलं का?" बाबांनी विचारलं. त्यांना धाप लागली होती.

"नाही, साहेब. पण टक्कल वाया गेलं."

मी गाडी मोकळी करायला म्हणून ड्रमचा पट्टा सोडला आणि ड्रम उचलून बाजूला ठेवला. ताई माझ्याकडे बघत राहिली.

"तू तो एका हाताने उचललास?"

"रिकामाच तर आहे."

"सकाळी आम्ही दोघांनी मिळून चढवला, तरी माझी कंबर धरली."

ताई ट्रॉलीच्या मागे गेली आणि खुर्चीमागच्या दांड्यावर नुसता हात टेकून दाबला. पुढे मोटरसायकलची शेपटी वर उचलली गेली. तिने हात काढला, शेपटी खाली बसली. तिने पुन्हा दाबलं. मग आम्ही चौघांनी आळीपाळीने दाबून बघितलं. सकाळी पुढे भरलेला ड्रम, म्हणून गाडी शहाणी. दिवसभर डोकी धुवायची, पाणी संपायचं, मग मागच्या लोखंडी खुर्चीचं वजन गाडीला हवं तसं हलवायचं. टकल्यांचं डोकं धुवावंच लागत नाही, म्हणून टकले शुभ. भाऊजी रोज ड्रम जागेवर आहे का ते बघत होते. त्यात पाणी आहे का, हे बघा असं वेल्डर म्हणालाच नव्हता.

"मग वाटेत भरून का घेत नाही?" मी विचारलं.

"बाहेरच्या पाण्याला फेस येत नाही," भाऊजी दुखावल्या स्वरात म्हणाले.

"फेस नको, वजन हवं," बाबा म्हणाले आणि टकलावरून हात फिरवला. हात सवयीने केस मागे सारायला गेला आणि घसरला. ते बघून ताईला हसू फुटलं, मग मला, मग भाऊजींना. आपण साहेबांना हसतोय हे लक्षात येऊन भाऊजी एकदम थांबले. तोवर बाबांचे खांदे हलायला लागले होते. आमची आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

मग आम्ही ट्रॉली ओढून वर आणली, आमच्या नळाला पाइप लावून ड्रम काठोकाठ भरला आणि भाऊजी पुन्हा उतरले. गाडी खालपर्यंत सरळ गेली आणि सरळ वर आली. ताईने तिथल्या तिथे ठरवलं की शेजारी दुसरा ड्रम बांधायचा आणि वापरलेलं पाणी फेकून न देता त्यात ओतायचं, म्हणजे पुढचं वजन पुढेच राहील. भाऊजी गाडीवरून उतरून बाबांसमोर हात मागे बांधून उभे राहिले, अगदी मैदानावर उभे राहायचे तसे.

"काय बाबा, पास की नापास?" ताईने विचारलं.

बाबांनी माझ्या हातातला कंगवा मागून घेतला आणि खिशात ठेवला. "निकाल राखून ठेवलाय," ते म्हणाले. "माझे केस परत येईपर्यंत दर रविवारी येऊन चालवून दाखवायची. दोघांनी."

नापास म्हटलं नाही, म्हणून ताईने गाडी चालू ठेवली. प्लॅस्टर कधीच निघालं. दर रविवारी लाल खुर्ची चढावरून सरळ वर येते, बाबा तिच्यात बसतात, आणि भाऊजी विचारतात, "साहेब, बरेच वाढलेत. आता लागेल ना निकाल?" बाबा डोक्यावरचे पांढरे खुंट बोटांनी चाचपतात, जरा विचार करतात आणि म्हणतात, "साफ कर."